आजी, हा मोरे कोण?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे डॉक्टरांनी 'कॉम्प्युटरपासून लांब राहा' असे बजावले होते. आता दिसते आहे छान. इतके छान, की घरातली जळमटे नव्याने दिसू लागली आहेत, असे सूनबाईला सांगितले तर ती हसली. असो.

आजचा लेख जरा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीत नातू आला होता. त्याने लॅपटॉपवर 'ब्रेव्हहार्ट' नावाचा १९९५ सालचा सिनेमा लावला. 'आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, बघ,' म्हणाला. स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेस याची गोष्ट. भरपूर मारामारी, भरपूर चिखल. मधे एक मोठी लढाई येते. नातू म्हणाला, 'ही स्टर्लिंग ब्रिजची लढाई.' मी विचारले, 'मग ब्रिज कुठे आहे?'

सिनेमात मोकळे माळरान होते. पूल नव्हताच! पस्तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर माणसाला जे आहे त्यापेक्षा जे नाही ते आधी दिसते. नातवाने तिथल्या तिथे इंटरनेटवर शोधले आणि म्हणाला, 'खरंच गं, पूल होता. आणि नुसता पूलच नाही, अजून एक माणूस पण होता, तोही सिनेमात नाही. आजी, हा मोरे कोण?'

मोरे! आम्ही साताऱ्याकडचे. मोरे म्हटले की आम्हाला जावळीच आठवणार. मी चष्मा लावून पाहिले. स्पेलिंग खरोखर 'मोरे' असेच वाचता येत होते. पुढे कळले की उच्चार 'मरी' असा आहे आणि ते उत्तर स्कॉटलंडमधल्या एका मुलखाचे नाव आहे. तर हा अँड्र्यू मरी. त्या दिवसापासून या माणसाने मला सोडलेले नाही. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागले. पण महिना-दीड महिना वाचले. जे कळले ते आधी सांगते, मग माझ्या मनातले.

पार्श्वभूमी थोडक्यात. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर १२८६ साली घोड्यावरून जाताना अपघाताने मेला. वारस म्हणजे एक लहानशी नात, तीही १२९० साली वारली. मग गादीवर हक्क सांगणारे तेरा जण उभे राहिले. भांडण सोडवायला शेजारच्या इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला पंच नेमले. (दोन भावांच्या वाटणीत तिसऱ्याला बोलावले की काय होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.) एडवर्डने १२९२ मध्ये जॉन बॅलिअलला गादी दिली आणि त्याला आपला मांडलिक करून टाकले. बॅलिअलने मान वर केली तेव्हा १२९६ मध्ये एडवर्ड फौज घेऊन आला. बेरिक शहराची कत्तल झाली. २७ एप्रिल १२९६ ला डनबारला स्कॉटिश फौजेचा धुव्वा उडाला आणि उमरावांचे उमराव कैद झाले.

त्या कैद्यांत एक बाप-लेक होते. दोघांचेही नाव अँड्र्यू मरी. बाप मोठा मातबर. उत्तरेत जहागिरी, शिवाय फोर्थ नदीच्या उत्तरेकडच्या सगळ्या प्रदेशाचा तो मुख्य न्यायाधीश होता. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले. मुलगा तरुण, त्याला चेस्टरच्या किल्ल्यात. राजा बॅलिअलने जुलैमध्ये गादी सोडली. त्याच्या अंगरख्यावरची राजचिन्हे उपटून काढली, आणि लोक त्याला 'रिकामा अंगरखा' म्हणू लागले. ज्या शिळेवर स्कॉटिश राजांचा अभिषेक होई ती शिळाही एडवर्डने उचलून लंडनला नेली. म्हणजे राज्य संपले असेच सगळ्यांना वाटले.

१२९६-९७ च्या हिवाळ्यात धाकटा अँड्र्यू चेस्टरच्या कैदेतून निसटला. कसा निसटला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्याकडे आग्र्याहून सुटकेचे पेटारे तरी आहेत, याचे तेवढेही नाही. चेस्टर इंग्लंडच्या पश्चिमेला, आणि त्याचे घर स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाकडे. ऐन थंडीत, शत्रूच्या मुलखातून एवढे अंतर कापून तो घरी पोचला.

१२९७ च्या मे महिन्यात त्याने आपल्या वडिलांच्या ऑख नावाच्या गावच्या किल्ल्यावर निशाण उभारले. वडील कैदेत, राजा कैदेत, मोठे उमराव एकतर कैदेत नाहीतर एडवर्डला शरण गेलेले. मग याच्याकडे आले कोण? अलेक्झांडर पिल्ची नावाचा इन्व्हर्नेस गावचा एक व्यापारी आला, गावकरी आले, आसपासची साधी माणसे आली. पुढची नेसी राक्षसीण ज्या लॉक नेस सरोवरामुळे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या काठच्या अर्कर्ट किल्ल्यावर त्यांनी हल्ला केला. तो काही लगेच हाती आला नाही. पण याने हाय खाल्ली नाही. एडवर्डच्या बाजूने याला आवरायला एक बिशप आणि उमराव फौज घेऊन निघाले, तर हा स्पे नदीकडच्या दलदलीच्या रानात शिरून बसला, जिथे घोडेस्वारांचा काही उपयोग नाही. ती मंडळी तशीच परत गेली. (हे वाचताना मला आमची जावळीच आठवली, इलाज नाही.) उन्हाळा संपेपर्यंत उत्तरेतले किल्ले इंग्रजांच्या हातून गेले होते.

दक्षिणेत त्याच वेळी वॉलेस उठला होता. दोघे वेगवेगळ्या टोकांना. एक मोठ्या घरचा वारस, दुसरा साध्या सरदाराचा मुलगा.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. ऑगस्ट १२९७ च्या अखेरीस एडवर्डच्या दरबारातून एक परवाना निघाला. धाकट्या अँड्र्यूने लंडनला यावे, टॉवरमध्ये वडिलांना भेटावे, त्याला वाटेत कोणी अडवणार नाही. बोलणे असे चालले होते, की मुलगा ओलीस राहिला तर बापाला कैदेतून सोडायचे आणि राजाच्या फौजेबरोबर फ्लँडर्सच्या लढाईला न्यायचे. बाप म्हातारा, कैदेत वर्ष झालेले. मुलाने फक्त यायचे होते.

तो परवाना त्याच्या हातात पडला की नाही, कोण जाणे. पण पंधरा दिवसांत तो कुठे होता ते साऱ्या जगाला माहीत आहे. तो स्टर्लिंगच्या पुलाशी होता. वडील त्याला पुन्हा दिसले नाहीत. ते १२९८ साली टॉवरमध्येच वारले.

११ सप्टेंबर १२९७. फोर्थ नदीवर लाकडी पूल, इतका अरुंद की दोन घोडेस्वार जेमतेम शेजारी शेजारी जातील. दक्षिणेला इंग्रज फौज, तिचा सेनापती सरेचा अर्ल, आणि बरोबर खजिनदार क्रेसिंगहॅम. उत्तरेला टेकडीवर मरी आणि वॉलेस एकत्र आलेले. इंग्रजांच्या बखरीत लिहिले आहे, की सकाळी काही तुकड्या पूल ओलांडून गेल्या आणि परत आल्या, कारण सेनापती अजून झोपेतून उठले नव्हते! एका सरदाराने सांगितले, की वरच्या अंगाला उतार आहे, मला थोडे स्वार द्या, मी नदी ओलांडून त्यांच्या पाठीवर जातो. खजिनदार म्हणाला, उगाच वेळ आणि राजाचा पैसा कशाला घालवायचा? चला पुलावरून. (खजिनदार सगळीकडे सारखेच. आमच्या शाळेत खडूचे खोके मागितले तरी असेच उत्तर मिळे.)

मरी आणि वॉलेस थांबले. थांबणे फार अवघड असते. पलीकडे आलेली माणसे आपल्याला पेलतील एवढी झाली, तेव्हा ते टेकडीवरून उतरले आणि त्यांनी पुलाचे तोंडच बंद केले. अलीकडे आलेल्यांना परतीची वाट नाही, पलीकडच्यांना मदतीला येता येत नाही. क्रेसिंगहॅम तिथेच मारला गेला. लोकांचा त्याच्यावर एवढा राग, की त्याच्या प्रेताचे कातडे सोलून वाटून घेतले. वाईट झाले, पण झाले. सेनापती बेरिककडे पळाला. भारी चिलखती स्वारांची फौज बहुतेक पायदळ असलेल्या फौजेने हरवली, याचे तेव्हा फार अप्रूप झाले.

त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ११ ऑक्टोबर १२९७ ला, हॅडिंग्टन गावाहून एक पत्र गेले. जर्मनीतल्या ल्यूबेक आणि हँबुर्ग या शहरांच्या कारभाऱ्यांना. मजकूर साधा. देवाच्या कृपेने आमचे राज्य आम्ही लढून इंग्रजांच्या हातून परत मिळवले आहे, तेव्हा तुमच्या व्यापाऱ्यांना सांगा, की आमच्या सगळ्या बंदरांत त्यांनी बिनघोर माल घेऊन यावे. लढाई जिंकल्यावर यांना पहिली काळजी बाजाराची! मला हे फार आवडले. घर सोडवले की आधी चूल पेटते की नाही ते बघायचे.

हे पत्र अजून शिल्लक आहे. ल्यूबेकच्या दप्तरखान्यात सात शतके राहिले. २०१२ साली ते एडिंबराला स्कॉटिश संसदेत प्रदर्शनासाठी नेले होते. लोक त्याला 'वॉलेसचे पत्र' म्हणतात, आणि शिक्काही वॉलेसचाच आहे. पण पत्राची सुरुवात दोन नावांनी होते, 'स्कॉटलंड राज्याच्या फौजेचे सेनानी' म्हणून. आणि पहिले नाव आहे अँड्र्यू मरीचे. वॉलेसचे दुसरे.

पुढे फार नाही. ७ नोव्हेंबर १२९७ ला वॉलेसची फौज इंग्लंडात शिरली असताना हेक्सहॅमच्या मठाला संरक्षणाचे पत्र दिले गेले, त्यावरही तीच दोन नावे, त्याच क्रमाने. त्यानंतर मरीचे नाव थांबते. १३०० साली इंग्रज अधिकाऱ्यांनी वारसाची चौकशी केली, तेव्हा साक्षीदारांनी सांगितले, की अँड्र्यू स्टर्लिंगला राजाविरुद्ध लढताना मेला. पण मग नंतरच्या दोन पत्रांवर त्याचे नाव कसे? म्हणून बहुतेक इतिहासकार म्हणतात, की तो पुलाशी जबर जखमी झाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यातच गेला. निशाण उभारल्यापासून सगळी मिळून सहा महिन्यांची कारकीर्द.

वॉलेस मागे राहिला. तो राज्याचा पालक झाला, १२९८ च्या जुलैत फॉलकर्कला हरला, १३०५ मध्ये लंडनला हाल हाल करून मारला गेला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी आंधळा हॅरी नावाच्या शाहिराने त्याच्यावर लांबलचक काव्य रचले. १८६९ साली स्टर्लिंगजवळ, जिथून ते दोघे उतरले त्याच टेकडीवर मोठा मनोरा उभा राहिला. त्याचे नाव वॉलेस स्मारक. मग १९९५ साली सिनेमा. त्यात पूलही गेला आणि मरीही गेला.

त्याच्या मुलाबद्दल दोन ओळी लिहितेच. तो बापाच्या मृत्यूनंतर, १२९८ मध्ये जन्मला. त्याचेही नाव अँड्र्यू. पुढे तो रॉबर्ट ब्रूस राजाचा मेहुणा झाला, राज्याचा पालक झाला. १३३५ मध्ये त्याची बायको किल्ड्रमीचा किल्ला लढवत होती. वेढा पडला होता. हा धावून गेला आणि ३० नोव्हेंबरला कल्ब्लीनची लढाई जिंकून वेढा उठवला. १३३७ मध्ये त्याने बॉथवेलचा किल्ला परत घेतला, जो त्याच्याच घराण्याचा होता, आणि इंग्रजांना पुन्हा आसरा नको म्हणून स्वतःच पाडून टाकला. बाप कधी पाहिला नव्हता, पण वळण तेच.

आता माझ्या मनातले.

माझे जुने विद्यार्थी हे वाचतात, त्यांना 'बाईंची पुस्तकपेटी' आठवत असेल. १९८१ साली सुरू झाली. पत्र्याची ट्रंक, त्यात बेचाळीस पुस्तके, आणि ती सायकलच्या कॅरिअरला बांधून दर शनिवारी दुपारी वाड्यांवर न्यायची. ज्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली त्यांच्यासाठी. पेटी पंचवीस वर्षे चालली. वर्तमानपत्रात आले. २००७ मध्ये निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झाले, आणि शाळेच्या वाचनालयाच्या दारावर माझ्या नावाचा फलक लागला.

ती पेटी माझी नव्हती.

म्हणजे माझी एकटीची नव्हती. आमच्या शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताई म्हणत असे. कल्पना त्यांची, ट्रंक त्यांच्या माहेरची. सायकल चालवता येत होती ती त्यांनाच, मी मागे बसत असे. १९८३ च्या पावसाळ्यात त्या काविळीने गेल्या. आठ दिवसांत. मी सायकल शिकले आणि पेटी चालू ठेवली. हे मी केले, ते नाकारत नाही.

पण लोक पहिल्यांदा 'बाईंची पेटी' म्हणाले, तेव्हा मी 'दोघींची' असे म्हणाले होते. दुसऱ्यांदाही म्हणाले असेन. मग दर वेळी सगळी हकिकत कुठे सांगत बसायची, असे वाटू लागले. वर्तमानपत्रवाला आला तेव्हा त्याने विचारले, 'कल्पना कशी सुचली?' आणि मी सांगितले, कशी सुचली ते. खोटे बोलले नाही. 'आम्हाला' ऐवजी 'मला' म्हटले, एवढेच. सत्काराच्या दिवशी ताईंची मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम झाल्यावर येऊन पाया पडली. म्हणाली, 'मावशी, आईला फार आनंद झाला असता.' तिने एवढेच म्हटले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फोटोसाठी पुढे गेले.

दिवाळीनंतर ते ल्यूबेकचे पत्र वाचले, आणि माळ्यावरून जुनी वही काढायला लावली. पेटीची पहिली देवघेव-वही. वाळवीने कड खाल्ली आहे, पण पहिले पान शाबूत आहे. 'व्यवस्था पाहणाऱ्या' असे लिहून खाली दोन नावे. पहिले ताईंचे. दुसरे माझे. अक्षर माझेच आहे.

मी वॉलेसबद्दल पुन्हा पुन्हा विचार करते आहे. नोव्हेंबरात हेक्सहॅमला पत्र दिले तेव्हा विजय मिळून दोन महिने झाले होते. फौज त्याच्या हाताखाली होती आणि मरी मृत्युशय्येवर असेल, नाहीतर गेलाही असेल. वॉलेसने एकट्याचे नाव घातले असते तर कोण विचारणार होते? त्याने घातले नाही. सोबत्याचे नाव ठेवले, आणि पहिले ठेवले. म्हणजे मरीला वॉलेसने पुसले नाही. ते काम पुढच्यांनी केले, शाहिराने, स्मारकवाल्यांनी, सिनेमावाल्यांनी. त्या बिचाऱ्यांना माहीत तरी नसेल. मला माहीत होते.

ताईंच्या मुलीला मागच्या आठवड्यात फोन केला. ती आता साठीला आली आहे. सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, 'जाऊ द्या हो मावशी' म्हणेल. तसे ती म्हणाली नाही. म्हणाली, 'वहीचा फोटो पाठवाल का?' नातवाने लगेच पाठवला. अजून उत्तर आलेले नाही. आले नाही तरी माझी तक्रार असायचे कारण नाही.

शाळेलाही पत्र लिहिले आहे, फलक बदला म्हणून. दोन नावे हवीत, आणि क्रम वहीतल्यासारखा. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, 'बाई, आता कशाला? ग्रॅनाइट आहे.' मी म्हटले, खर्च माझा. तेव्हा 'समितीपुढे ठेवतो' म्हणाले. मी दर सोमवारी फोन करणार आहे. माझा चिकटपणा त्या शाळेला ठाऊक आहे.

नातवाला मात्र मोऱ्यांचे उत्तर दिले. त्याने विचारले, 'पण आजी, एवढे सहा महिने तर होता तो, काय फरक पडतो?' मी म्हटले, अरे, पूल दोघांनी मिळून अडवला. एकाचे नाव काढले की गोष्टीतून पूलच निघून जातो, बघितलेस ना तू.

असो. डोळे दुखायला लागले. ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी एकदा उघडून बघा. पुन्हा भेटूच.